डीडीटी नव्हे, डीबीटी

१२ फेब्रुवारी २००९, गुरुवार

डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी. चिठ्ठीवर बघून लिहिलं. नाव घेताना दात पडायचे! महादूला सांगितलं तर नवरोबा म्हणतात, "डीडीटी? तो घरात मारूचो काय?" — डीडीटी नव्हे, डीबीटी! मच्छर नाही मारायचे, लेक वाचवायची आहे.

सावंतवाडीला दर गुरुवारी पणजीहून डॉ. शिरसाट मॅडम येतात. केस पोरासारखे कापलेले, वय माझ्या धाकट्या बहिणीएवढं. मी मनात म्हटलं, ही काय शिकवणार! अक्षदा शेजारी मान खाली घालून. गेल्या महिन्यात तिने जे केलं ते हॉस्पिटलच्या कागदावर आहे, परत इथे लिहीत नाही. वीस वर्षांची पोर. डीएडचं वर्ष अर्धवट टाकून घरी बसलीय.

मॅडम म्हणाल्या, काही माणसांचं मन चटकन पेटतं, उंच पेटतं आणि विझायला फार वेळ घेतं. त्या भरात ती स्वतःलाच इजा करतात. त्यांना ह्याचा जास्त उपयोग. सगळ्यांना हेच लागतं असं नाही, कुणाला नुसती गोळी पुरते, कुणाला दुसरं काही. म्हणजे आमची अक्षदा सोललेली कोळंबी. वारा लागला तरी झोंबतो.

मग म्हणतात, "काकी, तुम्हालाही शिकायला यावं लागेल."

"मी कित्याक? मी काय खुळी आसंय?"

अक्षदा इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. फार चांगलं हसू नव्हतं ते!

१३ फेब्रुवारी

पापलेट महाग, डोकं गरम. थेरपी सुरू व्हायची आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आजचा धडा — दोन उलट गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. अक्षदा जमेल तेवढं करतेय. आणि तिला अजून बदलावं लागेल. मधे 'पण' घालायचा नाही, 'आणि' म्हणायचं. 'पण' म्हटलं की आधीचं सगळं पुसलं जातं म्हणे.

मालवणच्या बाजारात उभं आयुष्य गेलं, 'पण'शिवाय एक मासा विकलेला नाही! सरंगो ताजो आसा, पण भाव कमी होवचो नाय. आता काय म्हणू?

२७ फेब्रुवारी

मैत्रिणीने मिसकॉलला उत्तर दिलं नाही म्हणून अक्षदा रडायला लागली. माझ्या तोंडातून गेलंच — "एवढ्याशा गोष्टीक?"

ताट भिंतीवर. आमटी कॅलेंडरवर. पोर खोलीत, कडी आतून.

ओरडू की दार फोडू? मग मॅडमचं आठवलं. आधी तिला काय वाटतंय ते मानायचं. मानलं म्हणजे ती म्हणते ते बरोबर आहे असं कबूल केलं, असं नाही. दाराबाहेर जमिनीवर बसले. म्हटलं, "तुका खूप लागला मां गो?" परत म्हटलं, "ती आपल्याक सोडून गेली असा वाटला तुका?"

बऱ्याच वेळाने कडी वाजली. "होय," एवढंच म्हणाली. मी आमटी पुसायला घेतली. तीही फडकं घेऊन आली.

१४ मार्च

मन उसळलं की चेहरा बर्फाच्या पाण्यात बुडवायचा, अंग शांत होतं. अक्षदाचं हृदय धड आहे ना हे विचारून मगच मॅडमनी सांगितलं. आज तशीच वेळ आली. घरात फ्रीज नाही, पाटीत माशांचा बर्फ होता. तोच बादलीत ओतला. पोरीने दम धरून तोंड घातलं, वर आली, नाकावर बर्फाचा खडा —

"आये, हेका बांगड्याचो वास येता!"

आणि हसली. मग मी. पोट दुखेपर्यंत. महादू दारात येऊन उभा. त्याला वाटलं, आता दोघी गेल्या कामातून!

३ एप्रिल

गिऱ्हाइकावर प्रयोग. पुण्याची बाई म्हणाली, "केवढा हा भाव!" एरवी तिच्या घराण्याचा उद्धार केला असता. म्हटलं, "खरं आहे, महाग वाटतंय ना तुम्हाला." बाई दोन सुरमया घेऊन गेली. शेजारच्या पाटीवरची सुशीला बघतच राहिली — "मथुरा, तुका काय लागला काय गो?"

सुशीलाचं म्हणणं, देवाला गाऱ्हाणं घाल. घातलं. नारळही ठेवला. आणि गुरुवारी सावंतवाडीही आहेच. बघ — 'आणि'!

७ मे, गुरुवार

काल परत तेच. हातावर. फार खोल नाही असं डॉक्टर म्हणाले. मला सगळं खोलच दिसतं.

मॅडमना फोनवर सांगितलं, "तुमचा डीबीटी घाला खाडीत!" आणखीही बोलले, ते इथे लिहिण्यासारखं नाही. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काकी, तुम्ही घाबरलात. आणि तरी दोघी या."

मी गुरगुरत गेले.

काय-काय घडत गेलं ते त्यांनी साखळीच्या कडी-कडीने विचारलं. रात्री झोप नाही. सकाळी न्याहारी नाही. मैत्रिणींचे निकाल लागले. मग माझा भाऊ परशुराम आला आणि म्हणाला, आता हिच्याशी कोण लग्न करतलो! मी त्याला चहा दिला. बोलले काहीच नाही.

ती कडी निघाल्यावर मला बसवेना. मॅडम म्हणाल्या, "इथे कुणाला शिक्षा द्यायची नाही. पुढच्या वेळी कुठली कडी तोडता येईल, ते शोधायचं."

अक्षदा म्हणाली, "न्याहारी. ती माझ्या हातात आसा."

मी म्हटलं, "परशुराम. तो माझ्या."

१० मे

परशुराम आला होता. आज त्याला चहा नाही, ऐकवला तो माझा मूळचा आवाज! मॅडमना हे सांगायचं की नाही, बघू.

१५ जून

अक्षदा सावंतवाडीच्या हॉस्टेलवर गेली. डीएडचं वर्ष पुन्हा पहिल्यापासून. स्वतःच ठरवलं. मी नको म्हणत होते — जीव मुठीत धरून किती दिवस पाळत ठेवणार, असं महादू म्हणाला. तो कधी बोलत नाही, बोलला तर नेमका माझ्याविरुद्ध!

घर सुनं आहे. ताटं धड आहेत.

२३ जुलै, गुरुवार

मॅडमच्या वर्गात भेटली. बारीक झालीय. नीट जेवते म्हणाली, खोटं वाटलं. विचारलं नाही. परतीच्या एस्टीत कसालच्या फाट्यापर्यंत जीभ चावत आले.

८ सप्टेंबर

बाजार भरात होता. अक्षदाचा फोन. हात खवल्यांनी भरलेले, तसाच कानाला लावला.

"आये, माका परत तसाच करूसा वाटता. अजून काय करूक नाय."

"खंय आसस?"

"हॉस्टेलच्या जिन्यार. खाली वॉर्डनबाई आसत."

"त्येंका हाक मार. आणि बोलत रव."

तिने हाक मारली. बोलत राहिली. आजवर मला नेहमी झाल्यावर कळायचं.