नेलपॉलिशचा ठिपका

नांदेड, मंगळवार संध्याकाळ

आज कॉम्प्युटरच्या दुकानदाराशी भांडलो. पेनड्राईव्हला पासवर्ड शिल्पानं घातला होता, मी कॉलेज सोडायच्या आधी. आत आम्हा दोघांचे कॉलेजच्या सहलीचे फोटो.

"न्हाई उघडत. फॉरमॅट मारू का? सगळं पुसंल, पण चालंल." बोलता बोलता तो पेनड्राईव्हवरचा नेलपॉलिशचा ठिपका नखानं खरवडायला लागला. ओळखू यावा म्हणून तिनंच लावलेला. मी त्याचा हात धरला.

"पेनड्राईव्ह हाय का बायको?" म्हणला.

शेवटी लातूरला शिल्पाला फोन करून पासवर्ड विचारला.

"अजून ठेवलास? आठवत न्हाई रे. फॉरमॅट मार की."

आवाजात राग पण नव्हता. राग तरी असायला हवा होता.

घरी येऊन पेनड्राईव्ह लॅपटॉपला लावला. फॉरमॅटवर बोट नेलं अन् मागं घेतलं. ठिपका अर्धा उरलाय. राहू दे बंद. आत आम्ही दोघं सोबत तर आहोत.