कासवातली नाळ

वेस्टमीड, मंगळवार संध्याकाळ

लॅबमधल्या विनोनाने आज लंचला पर्समधून एक कासव काढलं. चामड्याचं, मुठीएवढं, वर साळिंदराच्या रंगवलेल्या काट्यांची नक्षी. ती अमेरिकेतली, तिथल्या लाकोटा या आदिवासी जमातीतली. ती जन्मली तेव्हा आजीने तिची नाळ त्यात शिवून टाकली, रक्षणासाठी. म्हणजे ही जाईल तिथे नाळ सोबत! मला चक्क हेवा वाटला.

घरी आल्याआल्या ठाण्याला फोन लावला. "आई, माझी नाळ कुठेय गं?"

"बाल्कनीत, तुळशीच्या कुंडीत पुरली. लेक जवळ राहावी म्हणून."

जवळ! आणि मी सिडनीत. ते कासव काही डोळ्यांसमोरून हलेना. एवढ्या वर्षांत तुळस तरी तीच कुठे असणार? विचारलंच.

"तुळशी किती आल्या, किती वाळल्या," आई म्हणाली. "कुंडीतली माती नाही टाकू दिली कुणाला."