हात काढला?

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५
अखेर मी जिंकले! अकरावीच्या व्होकेशनलमधून आठवड्यातले तीन दिवस दुपारी प्रत्यक्ष काम शिकायचं, आणि मला मिळालं अकोल्याच्या जुन्या शहरातलं वाहेदचाचांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. बाबा वकील. त्यांच्या मते मुलीने काळा कोट घालावा, हात काळे करू नयेत. महिनाभर टिकून दाखव अदिती, मग बोलू, म्हणाले. टिकणारच!

इथे विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी येतात. जुनी तांब्याची तार उपसायची, वेढे मोजून वहीत लिहायचे, तेवढेच नवे भरायचे. ही तीच वही. मागच्या पानांवर मोटारींचे वेढे, पुढच्या पानांवर माझी डायरी.

दुकानाचा नियम एकच. बटणांचा बोर्ड समोरच्या भिंतीवर, त्यामुळे चाचांची पाठ माझ्याकडे. मोटारीला लाइन, म्हणजे वीज, देण्याआधी ते विचारतात, "हात?" मी मोटारीतून हात काढून म्हणायचं, "काढला." जवाब आल्याशिवाय ते बटण दाबत नाहीत. म्हणाले, "बेटा, तार काई नातं पायत नाई."

बुधवार, ६ ऑगस्ट
आज गंमतच झाली. चाचांनी विचारलं आणि मी तोंड उघडायच्या आत "काढला" ऐकू आलं. मुलीचा बारीक आवाज, माझ्या मागून. मागे तर भिंत आणि तारेची रिळं. माझा हात बाहेरच होता म्हणून हसण्यावारी नेलं.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
पुन्हा तेच. या वेळी बोटं आत होती! कशी ओढली, माझं मला ठाऊक. अंगठ्याशी ठिणगी उडाली. मी बोललेच नव्हते, असं चाचांना सांगितलं. ते माझ्या मागच्या भिंतीकडे बघत राहिले.

शेजारी शिवणकाम करणाऱ्या खुर्शीदबींनी चहा देता देता सांगितलं. चाचांची आरजू इथंच शिकायची. लाइट गेली होती, तिचा हात मोटारीत होता. लाइट आली, बापाने विचारलं, आणि पोरगी सवयीने "काढला" म्हणाली. त्याने बटण दाबलं, ती जागीच गेली. "तवापासून तो पोरी शिकाले ठेवत नोता. तुले कावून ठेवलं, मले नाई समजत."

मला समजतंय, असं वाटतं. फार भीती वाटते.

सोमवार, ११ ऑगस्ट
चाचा आता उगाच विचारतात. मोटार जोडलेली नसताना. चहा पिताना. "हात?" आणि कान देऊन बसतात. आवाज आला की त्यांचा चेहरा — बघवत नाही.

बाबांना सांगितलं तर उद्यापासून घरीच. मी तोड काढली. जवाब बंद, दोन टाळ्या. दोन्ही हात बाहेर असल्याशिवाय टाळी वाजत नाही. चाचा हो म्हणाले. माझ्याकडे न बघता.

बुधवार, १३ ऑगस्ट
मोटार बोर्डाला जोडलेली, पण लाइट नाही, म्हणून धीर केला. डावा हात मोटारीत, उजव्याने लिहितेय. तारेच्या खाचा चोवीस. वेढे बेचाळीस.

बोटांना काहीतरी गार लागलं. तार नाही. बोटं —

हात निघत नाही. आतून धरलाय —

पंखा फिरायला लागला. लाइट आली. चाचा बोर्डापाशी — विचारलं — मी ओरडले, आत आहे, चाचा, टाळी नाही वाजली, टाळी —

मागून ती बोलली.

चाचा वळले. माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या भिंतीकडे बघून हसले. म्हणाले, फिरून बोल बेटा —

त्यांचं बोट बटणाव