तुमची पहिली मी शिकवली

मास्तर, तुमी मेलात त्याला लय वर्सं झाली, पण माझा राग अजून जित्ता हाय. तुमी गेल्याचं कळलं तवा मी झरीच्या बाजारात होतो. लोक हळहळले. मी गूळ घेतला अन् घरी येऊन सगळ्यांच्या हातावर खडा ठेवला. कामून ते सांगितलं न्हाई.

निजामाचं राज्य होतं. चार इयत्ता अन् शिकवणारे तुमी एकटे. त्यात महिन्याचे कागद उर्दूत भरायचे, हजेरी लिहायची, वरच्या सायबांना जबाब द्यायचा. मी चपराशी. झाडलोट, पाणी, घंटा, एवढंच माझं काम. पण मठातल्या स्वामींनी मला अक्षरं शिकवली होती, अन् एक दिवस तुमीच म्हनलात, "जरा पहिलीला बस रं बाबा, माझा जीव मोकळा होईल." खोटं कशाला बोलू, मला लय आनंद झाला. मी बसलो, अन् बसतच गेलो. पोरं धुळीत बोटानं अक्षर गिरवायची, मी पहिलं अक्षर म्हनायचो अन् सगळी पोरं पुढचं एका सुरात ओढायची. हजेरीबी मीच घेऊ लागलो. तुमी कागद संपवून सावलीला टेकायचात. तेबी मला गोड वाटायचं, मास्तरांना इसावा मिळाला मनून.

मग मुआयन्याचा दिवस आला. शाळा तपासायला साहेब आले. तुमी पहिलीसमोर हुबे, मी दारात पाण्याची घागर घेऊन. साहेब म्हनले, "पढो." पोरं गप. तुमी डोळे वटारले, तरी गप. सगळी माझ्याकडं बघायलीत. माझ्याच्यानं राहवलं न्हाई. दारातूनच पहिलं अक्षर म्हनलो, अन् काय सांगू, पोरांनी अख्खं पान घडाघडा म्हनून दाखवलं! साहेब हसले, "ये कौन है?" अन् तुमी, मास्तर, तुमी हात जोडून म्हनलात, "हुजूर, चपरासी है. कित्ता भी मना करो, अंदर घुसताच है." त्याच दुपारी पोरांसमोर तुमी माझ्या कमरेचा चपराशाचा पट्टा सोडून घेतला, नोकरी गेली. पितळी बिल्ला खाली पडला तर एक पोरगी उचलायला धावली, तिलाबी तुमी हाकललं. आजबी ते आठवलं की माझं अंग पेटतं.

तुमचे हाल झालेले मी डोळ्यांनी बघितले. नव्या चपराशाला घंटेपलीकडं काही येत नव्हतं. चौथीला हिशेब सांगावा तर पहिली बोंबलते, पहिलीला धरावं तर कागद राहतात. वरून ताकीद आली. मग मी कापूस वेचत होतो त्या शेतात तुमी आलात, टोपी काढून. "चल बाबा. तुझ्याबिगर जमंना गेलंय."

"पट्टा आणलाय का?" मी इचारलं.

"सायबांना लिहून बघतो."

"सायबांना लिवा, की पहिली चपराशी शिकवत होता. मग येतो."

तुमी लिहिणार न्हाईत हे दोघांनाबी ठाऊक होतं. मी वेचणीला लागलो. तुमी बांधावर उगंच हुबे, घाम पुसायलात. त्या वक्ताला जे सुख झालं ते थोरल्याच्या लग्नातबी झालं न्हाई. पुढं तुमी पहिलीच बंद केलीत, पोरांना घरी धाडलंत, अन् तुमची बदली झाली. मी म्हनलो, बरी जिरली.

हा कागद कुणाला द्यायचा न्हाई, मनून लिवतो. धाकटा माझा त्याच पहिलीत होता. पहिली बंद पडली तवा त्याला घरी शिकवायला मला कुणी आडवलं नव्हतं. पण तुमच्यावरच्या रागानं मी पाटीला हात लावला न्हाई, अन् होती ती अक्षरंबी तो इसरला. परवा त्यानं तलाठ्यासमोर अंगठा उठवला, अन् मी दुसरीकडं तोंड फिरवलं.