उत्तरेची खिडकी

२ डिसेंबर

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं तू गाळतोस, म्हणून हे पत्र.

तुझा भाचा परवा येऊन गेला. अंगातला कोट न काढताच बसला आणि निघताना भिंतीवर तापमापक टांगून गेला. माझ्या छातीसाठी खोली सकाळी निदान अठरा अंश हवी, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलंय. दहा जानेवारीला तो पुन्हा येणार. काटा अठराच्या खाली दिसला तर या घराला कुलूप आणि माझी रवानगी त्याच्या सातव्या मजल्यावर.

आज काटा बारावर आहे. शेगडी दुप्पट पेटवली; लाकडं संपली, काटा जागचा हलला नाही. तुझे दाजी होते तोवर याच्या निम्म्या जळणात भागायचं. ते गेल्यापासूनचा हा तिसरा हिवाळा, आणि घर दरवर्षी जास्तच गारठतंय. मी इथून हलणार नाही, एवढं नक्की. तू जन्मभर दारं-खिडक्या बसवल्यास, आता बहिणीच्या उपयोगी पड.

माया आहेच, ती उत्तरात दिसू दे.
ताई

७ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून कारखान्यात सगळ्यांना सांगितलं, की ताई अजून हुकूम सोडते, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे.

आता ऐक. आग वाढवू नकोस, फटी शोध. वारा असेल त्या दिवशी मेणबत्ती घेऊन दाराखिडक्यांच्या कडेकडेने फीर आणि ज्योत वाकेल तिथे खडूने खूण कर. जुन्या पँटचा पाय कापून त्यात वाळू भर, शिव आणि दाराखाली आडवा टाक. दाजींची ती तपकिरी पँट चालेल, त्यांनाही ती कधी आवडली नव्हती. कपाट बाहेरच्या भिंतीला आणि पलंग आतल्या भिंतीला लाव. दक्षिणेचा पडदा ऊन असेतो उघडा ठेव, ऊन उतरलं की लगेच ओढ. राहायचं एकाच खोलीत, बाकीची दारं बंद. धुराड्याजवळची जाळी मात्र बुजवायची नाही. शेगडीला आणि तुला, दोघींनाही श्वास लागतो.

उत्तरेच्या खिडकीवर वेळ घालवू नकोस. ती मी बसवलेली आहे.

रागावशील तेवढी रागाव, पण आठवण असू दे.
तुझा ठोक्या

१५ डिसेंबर

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

काटा पंधरावर आलाय. पँट शेजारच्या शिंपीणबाईंनी शिवून दिली. त्यांचं म्हणणं, तुमचे मास्तर हयातीत एवढे कधी दारात आडवे पडले नाहीत. दोघी पोटभर हसलो.

पण चार दिवस झाले, काटा पंधरा सोडायला तयार नाही. मग मी तुझ्या खिडकीशी गेले. तू नको म्हणालास म्हणूनच गेले. लहानपणी ज्या डब्याकडे बघू नको म्हणायचास, लाडू नेमका त्यातच सापडायचा. तिथे ज्योत वाकली नाही, विझलीच. तीनदा पेटवली, तीनदा विझली.

शेवटी पेचकस घेऊन चौकटीची पट्टी काढली. आत चौकट आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर फट, आणि तिच्यात वर्तमानपत्राच्या घड्या. आकसलेल्या, खाली घसरलेल्या. चुन्याचा कणही नाही. कारागीर, तुमच्यात याला काय म्हणतात?

आशीर्वाद आहेत, पण उत्तर आल्याशिवाय पोचते करणार नाही.
ताई

१९ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

याला चोरी म्हणतात. एकेचाळीस वर्षं लपवली.

ते माझं पहिलं काम. अंगात घाई, त्यात चुना संपला. फटीत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, वरून पट्टी ठोकली आणि रंग फासून मोकळा झालो. उद्या नीट करू म्हटलं. पण दुसऱ्याच दिवशी दाजींनी त्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना घरी आणून ती खिडकी दाखवली, माझं तोंडभर कौतुक केलं आणि शाळेच्या चाळीस खिडक्या मला मिळाल्या. आजचा कारखाना त्या चाळिसांवर उभा आहे. मग कुठल्या तोंडाने सांगणार होतो?

एक मात्र खटकलं. तू पेचकस लिहिलंयस. मी खिळे ठोकले होते, ताई. आणि माझे बोळे होते, घड्या नव्हत्या. जरा कागदांवरच्या तारखा बघ.

तीस तारखेला सामान घेऊन येतो. दार उघडशील ना?
तुझा ठोक्या

२४ डिसेंबर

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

पट्टीला स्क्रू आहेत, आणि तेल दिलेले.

कागद जमिनीवर मांडले. तुझा एक बोळा तळाशी आहे, त्याचा पिवळा चुरा झालाय. त्याच्यावर दाजींच्या घड्या, वह्यांना कव्हर घालताना घालायचे तशा काटेकोर. दरवर्षी जेवढं दबलं तेवढं वरून नवं भरलेलं. एकोणचाळीस डिसेंबर मोजले, एकही चुकलेला नाही. शेवटचा ते गेले त्या वर्षीचा.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी ते मला हट्टाने शिंपीणबाईंकडे पाठवायचे. बिजागऱ्यांना तेल घालायचंय, तुला वास सोसणार नाही म्हणायचे. मला वाटायचं, यांना घटकाभर शांतता हवी असेल.

तू येशील तोवर मी आजचं वर्तमानपत्र घडी करून बसवलंय. काटा सोळावर आहे. ये. दार उघडेन, पण पटकन आत ये, ऊब जाते.
ताई

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाच्याचा फोन आला होता. सकाळी काटा साडेअठरावर होता म्हणे. त्याला वाटलं तू तापमापक शेगडीजवळ ठेवलास, म्हणून त्याने तो स्वतः उत्तरेच्या खिडकीत टांगला आणि घड्याळ लावून अर्धा तास समोर बसला. काटा हलला नाही. शेवटी त्यालाच उकडलं आणि कोट काढावा लागला. आई ऐकत नाही, अशी तक्रार करत होता, पण आवाज खुशीतला होता. माझे कान अजून शाबूत आहेत.

आणखी एक सांगायचं राहिलं. आपण दोघांनी ती फट भरली, तेव्हापासून डोक्यात घोळतंय. शाळेच्या कामाला निघालो त्या सकाळी दाजी दारापर्यंत आले होते. म्हणाले, “या वेळी चुना थोडा जास्त भिजव.” मला वाटलं, खिडक्या चाळीस, म्हणून म्हणतायत. मी मान डोलावली आणि खरंच जास्त भिजवला.

काल मुद्दाम त्या शाळेत जाऊन आलो. मेणबत्ती घेऊन चाळीसही खिडक्यांशी उभा राहिलो. ज्योत कुठेही हलली नाही.

पुढच्या डिसेंबरच्या पहिल्या रविवारी येतो. बिजागऱ्यांना तेल घालायचंय.
तुझा ठोक्या