सायलेन्सरची मोहीम

४ नोव्हेंबर
हेडबाईंनी बोलावलं. पुढच्या महिन्यापासून वेळापत्रकातून ग्रंथालयाचा तास बंद आणि माझी खोली बँडमास्तरांना. ते सध्या सायकल स्टँडमध्ये सराव घेतात, वरचे पत्रे तापतात, मुलांना चक्कर येते म्हणे. मग ग्रंथालय कुठे, असं मी विचारलं. दोन कपाटं जिन्याखाली, बाकीची पुस्तकं खोक्यांत. शाळेतली सगळ्यात शांत खोली शाळेतल्या सगळ्यात गोंगाटी माणसाला. वा. २८ तारखेला शाळा समितीची बैठक आहे, तिथे म्हणणं मांडता येईल असं बाई म्हणाल्या.

मांडणारच. अन्यायापुढे गप्प बसणारा मी नव्हे. एरवी बसतो, पण तो नोकरीचा भाग आहे.

५ नोव्हेंबर
एकट्याने होणारं काम नाही. संघटना हवी. शालेय ग्रंथपालांची संघटना आहे आणि मी तिचा जुना सभासद आहे. तिचं वार्तापत्र दर महिन्याला न चुकता येतं. आज सगळे अंक टेबलाच्या आखूड पायाखालून काढून वाचले. विचार थोर आहेत. आपलं काम आपणच लोकांच्या कानावर घातलं पाहिजे, असं प्रत्येक अंकात छापलंय. हे इतकी वर्षं मला कोणी सांगितलं कसं नाही?

टेबल पुन्हा डुगडुगायला लागलंय.

९ नोव्हेंबर, रविवार
संघटनेची सभा. हजर सात. त्यातले दोघे चुकून आले होते, त्यांना खालच्या मजल्यावर डोळे तपासायचे होते. अध्यक्षांनी त्यांनाही चहा दिला आणि हजेरीत धरलं. मी माझी कैफियत मांडली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग ठरावात 'निषेध' लिहायचं की 'तीव्र निषेध', यावर तासभर गेला. मी जरा पाणी प्यायला बाहेर गेलो, तर परत येईपर्यंत मला एकमताने प्रसिद्धीप्रमुख केलेलं. गुणांची कदर कुठेतरी होतेच.

चिटणीस बाई मुलींच्या शाळेत ग्रंथपाल आहेत. त्यांचीही खोली जाणार होती, त्यांनी वाचवली. म्हणाल्या, सर, समितीपुढे आपण बोलायचंच नाही, मुलांना बोलू द्यायचं, दगडालासुद्धा पाझर फुटतो. पटलं. माझ्या मुलांइतकी वळण लागलेली मुलं त्यांच्याकडेही नसतील.

१२ नोव्हेंबर
वार्तापत्रात सांगितल्याप्रमाणे आजपासून मूक निषेध. खिशाला काळी फीत. दिवसभर ग्रंथालयात चकार शब्द काढला नाही. कोणाच्याही लक्षात आलं नाही.

संध्याकाळी ७
आलं म्हणायचं. शिपायाने फीत पाहून स्टाफरूममध्ये सांगितलं की सरांच्या घरी कोणीतरी गेलं. चार शिक्षक शाळा सुटल्यावर परस्पर माझ्या घरी भेटायला. घरात वयस्कर म्हणजे सासूबाईच, तेव्हा त्याच असणार, असं वाटेत आपसात ठरवलेलं. दार सासूबाईंनीच उघडलं.

बायको माझ्याशी बोलत नाहीये. तिचाही मूक निषेधच, पण तो लगेच लक्षात येतो.

१५ नोव्हेंबर
फीत काढली. घाबरून नव्हे. मळली होती.

समितीपुढे न्यायला पाच मुलं निवडली. कसोटी एकच: वर्षभरात ज्यांना एकदाही गप्प बसा म्हणावं लागलं नाही. बायको आता बोलायला लागली आहे. म्हणाली, अहो, ती सातवीतली हसरी घ्या ना, सगळ्यात जास्त पुस्तकं तीच नेते असं तुम्हीच सांगता. नेते नव्हे, न्यायची. गेल्या महिन्यात एक पुस्तक वाचताना खो खो हसली. समज दिली. पुन्हा हसली. पुस्तक काढून घेतलं आणि वर्ष संपेपर्यंत ग्रंथालयबंदी. बायको म्हणाली, पुस्तक विनोदी असेल हो. असेना. पुस्तक विनोदी असलं तरी खोली विनोदी नाही.

२० नोव्हेंबर
सराव उत्तम. पाचही जणांची भाषणं पाठ आहेत. ग्रंथालयातच सराव घेतो, त्यामुळे अर्थातच दबक्या आवाजात. मी हातभर अंतरावर बसतो, मला शब्द न् शब्द ऐकू येतो. चिटणीस बाईंचा फोन आला. मुलांना मैदानात उभं करा आणि मोठ्याने बोलायला लावा, म्हणाल्या. ग्रंथालयाविषयी, आणि मैदानात? बाई चांगल्या आहेत, पण प्रसिद्धीप्रमुख मी आहे.

शिपायाकडून कळलं की मुलं मागून मला सायलेन्सर म्हणतात. वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. सायलेन्सर नसलेली मोटरसायकल दारावरून गेली की त्याचं महत्त्व कळतं.

२७ नोव्हेंबर
उद्या सामना. शर्टाला कडक इस्त्री. विजयाची बातमी आजच लिहून चिटणीस बाईंकडे पाठवली, अंक छापायला उशीर नको. मथळा: 'चिमुकल्या आवाजांपुढे समिती नमली'. बाईंनी विचारलं, सर, घाई नाही ना होत? मी म्हटलं, आत्मविश्वास आणि घाई यांत फरक असतो.

२८ नोव्हेंबर
लिहावंसं वाटत नाही. पण सत्य लिहिलंच पाहिजे.

पहिला मुलगा उभा राहिला. चेअरमन म्हणाले, बाळ, ऐकू येत नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आणखी हळू बोलायला लागला. चेअरमननी कानामागे हात धरला. दुसरी मुलगी नुसते ओठ हलवत होती. समितीतले लोक आपसात बोलायला लागले, चेअरमनही बोलायला लागले, कुणाचा फोन वाजला, आणि माझं बोट आपोआप ओठांवर गेलं. श्श. चांगलं खणखणीत. इतक्या वर्षांची सवय. मी सरळ चेअरमनच्या डोळ्यांत बघत होतो.

टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. पाचही मुलं तोंडावर बोट ठेवून उभी राहिली. पुढे त्यांनी शब्द काढला नाही.

मग बँडमास्तर. त्यांनी एकच मुलगी आणली. हसरी. बंदी घातल्यावर बँडमध्ये गेली म्हणे. शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली की मला ग्रंथालय फार आवडायचं, पण सर हसू देत नाहीत, आणि बँडमध्ये कोणी काही म्हणत नाही. कपाटं जिन्याखाली आली तर बरंच होईल, माझं अर्धवट राहिलेलं पुस्तक मला मिळेल.

याला म्हणतात फितुरी. समितीने आमच्यादेखतच निर्णय दिला.

८ डिसेंबर
जिन्याखाली. खुर्चीवरून उठलं की डोकं आपटतं. मधल्या सुट्टीत मुलांची झुंबड. पुस्तकांच्या ओढीने नव्हे, जाता येता वाटेत लागतं म्हणून. खोलीत असताना मी असला प्रकार कधी होऊ दिला नव्हता. वर दिवसभर ड्रम. श्श म्हटलं तर माझं मलाच ऐकू येत नाही.

वार्तापत्र आलं. 'चिमुकल्या आवाजांपुढे समिती नमली', ठळक टायपात. अध्यक्षांचा अभिनंदनाचा फोन आला. खुलासा करणार होतो, पण बँड चालू होता. अंक टेबलाच्या पायाखाली नीट बसला.

हार मानलेली नाही. अपील करणार. संघटना पाठीशी आहेच.

१० डिसेंबर, संध्याकाळी
हसरी आज पुस्तक मागायला आली. उद्या ये म्हटलं, कारण तेच माझ्या अपिलाचा मुख्य पुरावा आहे. त्यात हसण्यासारखं काही नाही एवढं सिद्ध झालं की बंदी योग्य ठरते, बंदी योग्य ठरली की तिचं बोलणं खोटं पडतं, आणि मग समितीला खोली परत द्यावीच लागेल. पुस्तक मी वाचलेलं नव्हतं. ग्रंथपालाने पुस्तकं सांभाळायची असतात. घरी आणलं आणि पेन्सिल घेऊन बसलो.

पहिली दहा पानं: हसण्यासारखं काही नाही. नोंद केली.

पुढची पाच: ठीक. हसू आवरता येण्याजोगं.

तिने खुणेसाठी घातलेला कागदाचा तुकडा अजून तिथेच होता. तिथपर्यंत पोचलो. ते पान पुन्हा वाचलं. मग बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, अहो, कोण आलंय बाहेर, एवढं मोठ्याने कोण हसतंय?

कोणी नाही, म्हटलं.