मास्तर, तो बाद होता

मास्तर,

जिमखान्यात तुम्हाला सर्व जण साहेब म्हणत. मी मात्र मास्तर म्हणत असे, कारण तुम्ही मला गोलंदाजी शिकविलीत, आणि मी शिकविणाऱ्यालाच मान देतो. त्याच मानाने आज सांगतो, तुम्ही चुकला होतात.

सभासद आणि नोकर यांच्या सामन्याचा तो दिवस. मी जिमखान्याचा पगारी गोलंदाज. मी चेंडू टाकायला धावत येतो आहे आणि माझ्या टोकाचा फलंदाज, एक बॅरिस्टर, चेंडू सुटण्याआधीच क्रीज सोडून पुढे पळतो आहे. एकदा त्याला ताकीद दिली. दुसऱ्यांदा थांबून यष्टी उडविली. पंचाने बोट वर केले. तेवढ्यात तुम्ही तंबूतून मैदानात आलात आणि तुमच्या मोडक्या हिंदुस्थानीत सर्वांसमक्ष मला म्हणालात, "उसको वापस बुलाओ. हम ऐसा विकेट नहीं लेता." मी त्याला परत बोलाविले. चौथी शिकलेल्या मला तो बॅरिस्टर म्हणाला, "सभ्यपणा शिकून घे रे जरा." संध्याकाळी तुम्ही अंगातला स्वेटर काढून माझ्या हाती दिलात. इंग्लंडातल्या तुमच्या काउंटी संघाचा, गळ्याला हिरवी पट्टी असलेला.

तुमची हकीकत मला पुढे तुमच्याच तोंडून कळली. उमेदीचे सर्व उन्हाळे तुम्ही त्या काउंटीसाठी गोलंदाजी केलीत. हिवाळ्यात पगार बंद, म्हणून आमच्याकडे शिकवायला येत होतात. हौशी खेळाडू एका दाराने मैदानात उतरत, तुम्ही पगारी म्हणून दुसऱ्या दाराने. छापील धावफलकावर त्यांची आद्याक्षरे आडनावाच्या आधी, तुमची आडनावाच्या मागे. कर्णधार नेहमी त्यांच्यातलाच. देशाच्या संघाचे बोलावणे तुम्हाला कधी आले नाही, आणि खांदा दुखू लागला त्या वर्षी काउंटीने, पुढच्या हंगामाला येऊ नका, असे कळविले. हे सर्व तुम्ही हसत सांगत होतात. मला हसू आले नाही. मास्तर, तुम्ही जिला खेळाची सभ्यता म्हणत होतात, ती दुसऱ्या दाराने येणाऱ्यांनीच तेवढी पाळायची होती.

आता मी मुलाकडे जपानात, एदोगावाला राहतो. मुलगा आपल्याकडच्या एका बँकेच्या येथील शाखेत आहे. बँकांचे दिवस वाईट आले आहेत. काही माणसांना मुंबईला परत पाठविणार आहेत, आणि ती कोण हे शाखेचे मॅनेजर ठरविणार आहेत. गेल्या रविवारी नदीकाठच्या बेसबॉलच्या मैदानावर बँकेच्या मंडळींचा सामना झाला. वयाकडे पाहून मला पंच केले. माणूस कमी पडला म्हणून सून खेळायला उतरली, आणि गोलंदाजी तिच्याकडे आली. तिच्या टोकाला मॅनेजर उभे.

"साहेब, लवकर निघताय हं," सून म्हणाली.

मॅनेजर हसले. "वहिनी, इथे काय वर्ल्ड कप चाललाय?"

पुढच्याच चेंडूला ते पुन्हा निघाले. सुनेने थांबून यष्टी उडविली आणि माझ्याकडे वळून विचारले, "बाबा, आउट ना?"

मुलगा सीमेवरून धावत आला. "बाबा, नॉट आउट द्या. साहेब आहेत ते. यादी याच आठवड्यात लागणार आहे."

"यष्टीला यादी कळत नाही," मी म्हणालो.

मॅनेजर म्हणाले, "काका, क्रिकेट हा सभ्य माणसांचा खेळ आहे."

"म्हणूनच क्रीजमध्ये उभे राहायचे असते," असे म्हणून मी बोट वर केले.

घरी येताना मुलगा आमच्या पुढे झपझप चालत होता. जेवताना सून त्याला म्हणाली, "परत जावं लागलं तर जाऊ. पण विकेट माझीच." यादी अजून लागलेली नाही. त्यात त्याचे नाव आले, तरी माझा निर्णय बदलणार नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. तुम्हाला मराठी वाचता येत नव्हते, आणि तुम्हाला जाऊनही फार वर्षे झाली. फक्त एक सांगायचे राहिले. नदीवर गार वारा होता म्हणून त्या दिवशी मी तुमचा स्वेटर घातला होता. बोट वर करण्याआधी क्षणभर थांबलो. लोकांना वाटले, म्हातारा कचरला. मी कचरलो नव्हतो. तुम्ही मैदानात येत आहात का, ते पाहत होतो.